वर पारवे, खाली गहू

९ जानेवारी

एक मांजर वर चढू नये म्हणून कुणीतरी एवढं डोकं चालवलंय आणि मला एक परिच्छेद धड जमत नाही.

आज सकाळभर त्या इमारतीभोवती फिरले. शेताच्या मधोमध, घरापासून हाकेवर. खाली माणसाच्या उंचीपर्यंत काळा घडीव दगड, वर विटा आणि चुना. खाली कोठार, वर पारव्यांचा मजला. दोन्हींच्या मध्ये बाहेरून दगडाची एक कड पुढे काढलीय, हातभर, चारी बाजूंनी. खालून येणाऱ्या मांजराचं, सापाचं डोकं त्या कडेला आपटतं. पुढे रस्ता नाही. कडेखालचा चुना इतका घोटलेला की पालसुद्धा घसरेल. पूर्वेला आणि दक्षिणेला गोल भोकं. पश्चिमेला एकही नाही, पाऊस तिकडून येतो. आत भिंतीत विटांचे कप्पे, कमरेपासून छतापर्यंत, कप्प्यात एकेक जोडी. माणसाला वर जायला एक शिडी आणि बाहेरून कडी घातलेलं छोटं दार. शिडी वापरून झाली की काढून जमिनीवर आडवी ठेवायची.

मधली फरशी सलग दगडाची. कोपऱ्यात फक्त एक पन्हाळ — शीट बाहेर लोटायला. पूर्वी ती उसाला जायची, आता द्राक्षांना.

म्हणजे पारव्यांच्या पायाखाली घराचा वर्षाचा गहू. त्यांना कधीच न मिळणारा. हे बांधणारा माणूस दुष्ट तरी होता नाहीतर विनोदी. मला दोन्ही चालतं.

पुस्तक असंच करायचं. कप्प्यांचं. कुठल्याही भोकातून शिरा. काही कप्पे रिकामे.

११ जानेवारी

आईचा फोन. "मित्राकडे राहतेयस म्हणजे काय?" म्हटलं, अगं सोमनाथ, कॉलेजात माझ्या एकांकिकांचं लाइट करायचा तो. आता विंचूरच्या वाइन कंपनीत आहे. त्याच्या घरच्या शेतावर ती इमारत आहे, तिच्यावर लिहायचंय. "त्याचं लग्न ठरलंय ना?" ठरलंय. मेमध्ये, नामपूरची मुलगी. "मग राहा." आईची सगळी काळजी एका लग्नपत्रिकेत मावते.

घरात चौघं. सोमनाथ. त्याचे वडील दीपककाका — बागेत असोत की फोनवर, आवाज तेवढाच. आई उज्वलाकाकू. आणि काकांचे थोरले भाऊ केरूनाना. लग्न केलं नाही, दाढी करत नाहीत, पारवे त्यांचे. मला 'लेखिकाबाई' म्हणतात. त्यात आदर शोधला, सापडला नाही.

गावातल्या बायका विचारतात ही कोण. उज्वलाकाकू सांगतात, "सोमनाथची ताई. कॉलेजातली." बायका माझ्या जीन्सकडे बघतात आणि हो म्हणतात.

थंडी अशी की बोटं कीबोर्डवर नाही, काखेत.

१२ जानेवारी

उज्वलाकाकू खोकतात. कोरडा खोकला, वाक्याच्या मधोमध. विरामचिन्ह म्हणून चांगला आहे. वापरेन.

१६ जानेवारी

आज कोठारात जायचं म्हणून मागे लागले. उज्वलाकाकूंनी सरळ नाही म्हटलं.

कोठाराला दार नाही. धान्य ओतायला मागच्या अंगाला उंचावर एक तोंड, ओतून झालं की दगड बसवतात. काढायला समोर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक चौकोनी भोक, त्याला फळी. गहू भरपूर असतो तेव्हा फळी उचलली की आपोआप सांडतो. कमी झाला की माणसाला आत शिरावं लागतं. आणि ते माणूस म्हणजे घरची सून. दुसरं कुणीच नाही. गडी नाही, बाप्या माणूस नाही, लेक नाही — लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल. घरात दाणा किती ते परक्याला दिसता कामा नये. नवं धान्य ओतायच्या आधी आत शिरून झाडायचं, शेणानं सारवायचं, लिंबाचा पाला अंथरायचा. तेही तिनंच.

"आणि सासू?"

"सून आली की सासूचं आत जाणं बंद. मी आले त्या वर्षापासून सासूबाई इथं बसायच्या, दगडावर. आणि मी आत."

मग अंग चोरून शिरल्या. साडीचा काठ तेवढा बाहेर. सुपानं गहू ओढल्याचा आवाज, मग खोकला, मग परत सूप. बाहेर आल्या तेव्हा भुवया पांढऱ्या. त्याच दगडावर बसून कितीतरी वेळ खोकत होत्या. मी पाणी दिलं.

जेवताना दीपककाकांनी विचारलं, "किती राहिलाय गहू?"

"आहे."

"आहे म्हणजे किती?"

"पुरेल."

त्या क्षणी त्या बाईचा चेहरा बघायला हवा होता. सगळ्या घरात तिच्याकडे लपवायला एवढंच आहे. कीव आली. मग भूक लागली.

१७ जानेवारी

काल लिहायचं राहिलं. कोठाराला पूर्वी चारी बाजूंनी उभे झरोके होते, वारा खेळायला. वरून पारव्यांची पिसं उडून गव्हात पडायची म्हणून काकूंनी ते बुजवून घेतले. आतून सिमेंटही केलं. बाहेरून डाग दिसतात. एवढ्या सुंदर दगडावर सिमेंटचे पोतेरे. अशा लोकांना इमारती का मिळतात?

२१ जानेवारी

केरूनानांनी आज जोडी तोडून दाखवली.

येवल्याकडे पारव्यांच्या शर्यती लागतात. नर लवकर घरी यावा म्हणून त्याला आधी मादीपासून तोडतात, पिंजऱ्यात वेगळा ठेवतात. शर्यतीच्या दिवशी मादी क्षणभर दाखवायची. जवळ जाऊ द्यायचं नाही. "आन लय हुशार माणूस असला," नाना म्हणाले, "तर मादीशेजारी दुसरा नर बसवून दाखवतो. मग बघायचं. छाती फुटंस्तवर उडतो भाड्या."

"आणि आल्यावर मादी मिळते का?"

"कधी कधी."

मग एका कप्प्यातलं लंगडं पिल्लू उचललं, बोलता बोलता मान मोडली, पन्हाळीतून बाहेर टाकलं. वाक्य तोडलं नाही. मला त्यांचा हेवा वाटला. मी एक विशेषण काढायला आठवडा घालवते.

२५ जानेवारी

या घरात नाना आणि काकू एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही. थोरला दीर, म्हणून. लग्न होऊन आल्यापासून बोललेले नाहीत. काकू पदर पुढे घेऊन भिंतीला सांगतात, "नानांना म्हणावं, ताट वाढलंय." नाना भिंतीला म्हणतात, "येतो म्हणावं."

मी आल्यापासून भिंत मी आहे.

२ फेब्रुवारी

काकूंचा एक्स-रे काढला, निफाडला. डॉक्टरनं विचारलं, घरी कबुतरं आहेत का? आहेत म्हटल्यावर पेनच खाली ठेवलं म्हणे. कबुतरं काढा, नाहीतर बाईंना हलवा. फुफ्फुसं दगडासारखी होत चाललीत.

जेवताना दीपककाकांनी विषय काढला. "नाना, डॉक्टर म्हणतो पारवे काढायला लागतील."

"डॉक्टरला म्हणावं तू ये काढायला."

"चेष्टा नाय, नाना."

"मी कुठं केली? पारवे इथं माझ्या बापाच्या आधीपासून हायेत. ती मागनं आली." भाकरी मोडली. "खोकला येतो तर माणसानं माहेरी जावं. देवळ्याची हवा चांगली हाय."

काकू चुलीपाशी. पदर पुढे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इरा, नानांना विचार, मी देवळ्याला गेल्यावर भाकरी कोण थापंल? पारवे?"

मी विचारलं. शब्द न् शब्द. नाना मनापासून हसले. दुसरं कुणी नाही.

सोमनाथ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, नामपूरचे लोक परत येतील ना घरी, तेव्हा जरा औषध घेऊन बस. त्यांना वाटायचं टीबी आहे." आईनं त्याला आणखी भाजी वाढली.

५ फेब्रुवारी

दीपककाका पारवे टेम्पोत घालून देवळ्याला सोडून आले, काकूंच्या भावाच्या शेतावर. नाना अडवायला उठलेसुद्धा नाहीत. बाजेवर पडून होते.

टेम्पो परत आला तेव्हा पारवे कप्प्यात बसलेले. नाना म्हणाले, "भाऊ, डिझेल किती लागलं?"

१० फेब्रुवारी

नानांनी विचारलं, "काय लेखिकाबाई, काढून टाकू का पारवे? तुमी शिकलेल्या."

मी म्हटलं, नाही. पारवे गेले की ही नुसती खोली उरते. ती कड, तो घोटलेला चुना, ते कप्पे — कशालाच अर्थ राहत नाही.

खरं तेच बोलले. जेवताना त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. "शिकलेली पोरगी म्हणते, नाय." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या भातावर तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्त.

ते तूप घशाखाली उतरलं. हे इथं लिहिलंच पाहिजे.

१५ फेब्रुवारी

पुस्तकासाठी काढत होते ती चित्रं पूर्ण झाली. इमारत उभी कापून दाखवलीय. आज ताटांशेजारी कागद पसरून सगळ्यांना समजावलं. एरवी मला इथं कुणी विचारत नाही, त्यामुळे जरा जास्तच बोलले. मांजर कुठपर्यंत येतं, कुठं आपटतं.

नाना रंगात होते. "पण एकदा का मांजर आत शिरलं ना, खेळ खलास. एकच बास. जे मरतील ते मरतील, पण जगलेला पारवाबी परत तिथं बसत नाय. मग तुमी सोन्याचे कप्पे करा."

काकू भाकरी उलटत होत्या. मला विचारलं, "आणि ते वरचं दार?"

त्याला बाहेरून कडी आहे, मी म्हटलं. शिडी लावली की पोचलंच माणूस. बांधणाऱ्यानं सगळ्या जनावरांचा विचार केला, फक्त एखादा माणूसच मांजर घेऊन वर जाईल हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

वाक्य चांगलं झालं. वर येऊन लगेच लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी

सकाळी नानांच्या मागोमाग वर गेले. शिडी जागेवर होती. आडवी, नीट. कडी लावलेली.

दार उघडलं तर पिसं आधी बाहेर आली. मग वास.

बोका एका रिकाम्या कप्प्यात बसला होता, डोळे अर्धवट मिटून. पोट तट्ट. खाल्ले थोडेच, बाकीचे नुसते मारले. भोकातून बाहेर पडायच्या गडबडीत काही एकमेकांवर चेंगरले होते, काहींचे पंख लोंबत होते. एक नर धड होता. मादीभोवती मान फुगवून फिरत होता. मादीला डोकं नव्हतं.

नानांनी बोक्याला मानेला धरून उचललं. वाटलं, आपटतात. शिडीवरून खाली घेऊन गेले आणि सोडून दिला. "त्याला काय बोलायचं," म्हणाले. मग वर येऊन जखमी उचलायला लागले. एकेकाची मान. तोच बारीक आवाज. मी दारात उभी होते आणि लाज वाटायच्या ऐवजी आवाजाला शब्द शोधत होते. सापडला नाही.

पाटी भरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली. काकू पाठमोऱ्या. हातावर ओरखडे, कोपरापर्यंत, त्यावर हळद लावलेली.

"उज्वला," नाना म्हणाले. नावानं. भिंतीला नाही. "शिजव."

काकू खोकल्या. मग पाटी आत ओढली.

दुपारी पंगत बसली. दीपककाका म्हणाले, "कुणी केलं हे?" नाना म्हणाले, "बोक्यानं." सोमनाथ भूक नाही म्हणून उठून गेला. मला दहीभात.

नाना खायला लागले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "तू पण बस." या घरात बाया मागून जेवतात. काकू बसल्या. समोर. पदर मागे. ताटात वाढून घेतलं आणि खाल्लं. हाडं चोखून बाजूला ठेवली, रांगेत.

"मीठ कमी नाही ना?" काकूंनी विचारलं. थेट त्यांना.

"नाय. बरोबर हाय. मसाला झक्कास झालाय."

काकू लग्न होऊन या घरात आल्यापासूनचं दोघांचं पहिलं बोलणं. मला उठून जावंसं वाटत होतं आणि ऐकायचंही होतं. बसून राहिले.

२१ फेब्रुवारी

वाचलेले पारवे सकाळी आले. घिरट्या घातल्या. कडेवर एकही टेकला नाही. मग विंचूरच्या बाजूला गेले.

३ मार्च

नाना आता मला 'इरा' म्हणतात. लेखिकाबाई परवडत होतं.

१२ मार्च

इमारत शांत. आतले कप्पे सोमनाथनं धुवून घेतले, कंपनीत वाइन प्यायला येणाऱ्या पाहुण्यांना इथं फोटो काढायला बरं म्हणून. पुस्तक वेगात चाललंय. पारवे मेल्यावरच ते नीट चालायला लागलं. बरं दिसत नाही हे, पण आहे.

खोकला मात्र आहे तसाच. उलट वाढलाय. निफाडचा डॉक्टर म्हणतो, आत बसलेली धूळ निघायला वेळ लागतो. जुना गहू तळाला गेलाय, काकूंना आता एक दिवसाआड पूर्ण आत शिरावं लागतं. बाहेर आल्या की ओठ निळसर दिसतात.

नाना बाजेवरून ऐकत असतात. खोकला सुरू झाला की मान तिकडे करतात. संपला की परत इकडे.

२६ मार्च

काकूंना घेऊन नाशिकला आले. द्राक्षाची काढणी चालू आहे, घरच्यांना वेळ नाही. आमच्याच घरी उतरवलं. आईनं त्यांना वेगळी उशी, वेगळा पेला दिला आणि मला आत बोलावून विचारलं, "पसरत नाही ना गं?"

छातीच्या डॉक्टर माझ्याहून थोड्याच मोठ्या. रक्त घेतलं, मुंबईला पाठवणार म्हणाल्या. रिपोर्ट पुढच्या महिन्यात.

७ एप्रिल

रिपोर्ट.

डॉक्टर म्हणाल्या, "कबुतरांची टेस्ट निगेटिव्ह आहे."

"म्हणजे बरं झालं?" काकू.

"म्हणजे कबुतरं कारण नाहीत. हे बुरशीमुळे आहे. बंद, दमट जागेत धान्य राहिलं की त्यावर धरते. त्याची धूळ छातीत जाते. तुमच्याकडे असं काही आहे का? कोठार वगैरे?"

"छे हो," काकू म्हणाल्या. "आजकाल कोण साठवतं. दुकानातनं आणतो."

एक सेकंदही थांबल्या नाहीत. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मुलगी यांची?" मी म्हटलं, नाही. त्या खोलीत आम्हा दोघींकडून निघालेलं तेवढंच खरं.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो. काकूंनी बर्फ नको सांगितलं. मी विचारलं, खोटं का बोललात?

"मग काय करू? नानांना जाऊन सांगू का, चुकलं हो, तुमचे पारवे नव्हते ते?"

"निदान कोठार तरी बंद करा."

"का म्हणून विचारतील."

"सांगा काहीतरी दुसरं."

"तुला सुचतात कारणं. तुझं कामच आहे ते." रस पिता पिता खोकला आला, ग्लास माझ्या हातात दिला. मग परत घेतला. "झरोके मीच बुजवले, इरा. मीच मागं लागले होते यांच्या. पिसं पडतात, पिसं पडतात. आणि दुसरं सांगू? त्या घरात मला कोण विचारतं? ते कोठार सोडलं तर?"

"मरायचंय का तुम्हाला?"

"नाही बाई. म्हणून तर सांगते, मी आत जाणार नाही. आजपासून. तुझी शपथ." माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात उचलला नाही. "आणि तू बोलायचं नाही. मांजराचं मला माहीत नव्हतं. तू शिकवलंस."

रसवाला पैसे मागत होता. मी दिले. रिपोर्टची घडी काकूंनी पर्समध्ये नाही, ब्लाउजमध्ये ठेवली.

त्या बाईला मी तीन महिने साधी समजत होते.

१४ एप्रिल

शपथ पाळतायत. आत गेल्या नाहीत. जुना गहू संपला म्हणून जाहीर केलं आणि दुकानातून पीठ आणलं. दीपककाका कुरकुरले. नव्या गव्हाची पोती ओसरीवर रचून ठेवलीत. ओतायचा कधी विचारलं तर म्हणाल्या, "सगळं लग्न झाल्यावर."

खोकला कमी झालाय. जिना न थांबता चढल्या. निफाडचा डॉक्टर खूश. "बघा, कबुतरं गेली आणि फरक पडला."

नाना हे ऐकत होते. त्यांनी पहिल्यांदा काकूंच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी ठेवली. म्हणाले, "बरं झालं मग. कायतरी कामी आले."

काकूंनी ती भाकरी खाल्ली. मला वाटलं, आता बोलतील. पाणी मागितलं फक्त.

२२ एप्रिल

सोमनाथची होणारी बायको आली होती, मोहिनी. साड्या घ्यायला म्हणून नाशिकला निघालेले लोक वाटेत थांबले. चुलीपाशी जाऊन बसली, मोठ्यांदा हसते, नामपूरची अहिराणी मध्येच निसटते, मग जीभ चावते. मला म्हणाली, "ताई, तुम्ही काय लिखतस?" मी म्हटलं, काही नाही.

शिडी लावून वर चढली, सगळ्यांच्या आधी. रिकामे कप्पे बघून खाली ओरडली, "नाना, आठे परत पारवा आनूत!" इथं, परत पारवे. नाना म्हणाले, "आन बाई. तू आन." आणि हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

उतरताना तिनं मला विचारलं, "आणि खाले काय शे?"

"कोठार," मी म्हटलं.

काकू मागेच उभ्या होत्या. मोहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली.

२३ एप्रिल

पोती ओसरीवर आहेत. सगळं लग्न झाल्यावर. आज अंघोळ करताना लक्षात आलं — सून आली की सासूचं आत जाणं बंद. तशीच बसून राहिले, पाणी गार होईपर्यंत.

काकूंना विचारलं. तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "वर्षात एकदा सारवायचं. एवढ्यानं कुणाला काही होत नाही. मला किती वर्षं लागली?"

"झरोके तरी उघडा."

"लग्नाच्या घरात गवंडी?" खडा बाजूला टाकला. "तिला घरात काहीतरी आपलं नको का?"

त्यांना ते खरंच वाटतं. सगळ्यात भयंकर तेच आहे.

२६ एप्रिल

सांगायचं ठरवून सोमनाथला फोन केला. म्हणाला, "बोल पटकन, मांडववाल्याकडे आहे." विचारलं, पत्रिकेवर माझ्या आईचं नाव बरोबर लिहिलंय का. हो म्हणाला.

९ मे

लग्न परवा झालं. आज कोठार सारवलं. काकूंनी मोहिनीच्या नाकातोंडावर ओढणी स्वतः बांधली, घट्ट, सोडून परत बांधली. फळी काढली. मोहिनी हसत आत शिरली, चुडा दगडावर वाजला. आतून म्हणाली, "मम्मी, भिंतीले ओल शे."

"असते," काकू दगडावर बसून म्हणाल्या. खोकला अजिबात नाही. मग माझ्याकडे वळल्या. "इरा, बॅटरी धर ना. पोरीला दिसत नाहीये."

मी धरली.